कलम चौदा

ईरी शहरात, युनियन हॉलच्या तळघरात
ओल शोषणारं यंत्र दिवसभर घरघरत असतं.
संध्याकाळी त्याची बादली मी मोरीत ओतते.
इतकं पाणी कागद पिऊन बसले होते.

आधी टाचण्या काढायच्या.
स्कॅनरला गंज चालत नाही.
बोथट सुरीनं, कागद न फाडता, एकेक.
बरणी भरत आली आहे. ऑगस्ता प्रुइट म्हणते, फेकू नकोस,
वकिलांपेक्षा यांनीच करार जास्त धरून ठेवले.

ऑगस्ता एकतीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती.
आता जिना उतरताना दर पायरीवर थांबते,
आणि थांबली की तिला काहीतरी आठवतं.

खोके येतात कुठकुठून:
बेकरीवाले, काच ओतणारे, शाळेच्या बसचे चालक.
कबरी खोदणाऱ्यांचा करार अवघा चार पानी,
त्यात जमीन गोठलेली असेल तर तासाला वीस सेंट जास्त.
गोठलेली म्हणजे किती, ते कुणी ठरवायचं?
समासात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलंय: फावडं.

काही लोकल अजून कागद देत नाहीत.
लेस्टर झिएलिन्स्की परवा फोनवर म्हणाला,
सगळ्या जगासमोर उघडं टाकायचं, आणि मालकानं वाचलं तर?
ऑगस्तानं माझ्या हातून फोन घेतला.
अरे, मालकाकडे प्रत आहेच, सही त्याचीच आहे.
नाही ती आपल्याकडे.

धुलाईखान्याचा करार, एकोणीसशे त्रेसष्ट.
कार्बनची तिसरी प्रत, अक्षरं पाण्यात बुडाल्यासारखी.
कलम चौदा: पाळी संपण्याआधी, मालकाच्या वेळेत,
हात धुण्यासाठी पाच मिनिटं.
यंत्रानं पाचचे आठ वाचले.

मला दिसलं होतं.
दुरुस्त करायला एक बोट पुरलं असतं.
मी दिवा मालवला आणि घरी गेले.
त्या एका रात्री
या शहरातल्या कितीतरी मेलेल्या बायकांना
तीन मिनिटं जास्तीची मिळाली,
सोड्यानं फुटलेली बोटं त्या सावकाश पुसत राहिल्या.

सकाळी ऑगस्तानं पडद्यावर वाचलं आणि आधी खूप हसली.
म्हणाली, आठच मागितली होती गं आम्ही!
याला कुणी सांगितलं?
मग खुर्ची ओढून बसली.
ते म्हणाले दोन.
नऊ दिवस आम्ही फाटकाबाहेर, फेब्रुवारीत,
तळ्यावरून येणारा वारा दातांत शिरायचा.
एडनाचं बाळ त्यातच गेलं.
पाच पदरात पडली.
आठ ठेवलीस तर ते नऊ दिवस कुठे ठेवशील?

मी पाच केले.

महिन्याभरानं रात्री दोन वाजता एक प्रश्न आला.
योसेलिन, आर्कान्सा, कोंबड्या कापण्याचा कारखाना.
तुमचं कलम चौदा वाचलं.
आमची बोलणी गुरुवारी आहेत.
पाच मिनिटं कुठून मोजायची,
यंत्रापासून की नळापासून?

करारात नाही. मी तीनदा पाहिलं.
ऑगस्ताला विचारलं, तर तिनं डोळे मिटले,
ओठ हलू लागले. मोजत होती.
यंत्रापासून, ती म्हणाली.
नळ एक्केचाळीस पावलांवर होता,
मधे ओली फरशी, आणि मुकादमाची खुर्ची.

'टीप' म्हणून एक रकाना आहे,
बहुतेक वेळा रिकामाच असतो.
त्यात मी एक्केचाळीस पावलं लिहिली,
ओली फरशी लिहिली, ऑगस्ताचं नाव लिहिलं.
खुर्चीही लिहिली.

गुरुवार होऊन गेला. योसेलिनचं काही आलेलं नाही.

आज शिक्षकांचे अकरा खोके उतरले, दोन भिजलेले.
बादली ओतली. हात धुतले.
नखांतला गंज लवकर निघत नाही.
मोरीवरच्या घड्याळाकडे सहज नजर गेली:
सात मिनिटं.