शिसपेन्सिलीच्या फुल्या

तक्रारीच्या अर्जात तीन रकाने होते:
पुस्तकाचं नाव, पान क्रमांक,
आणि आक्षेपार्ह मजकूर, शब्दशः.
डब्लिनच्या मंडळाला मोघम राग चालत नसे.

म्हणून डिलिया मॅकगोल्ड्रिकबाईंना
ते पुस्तक वाचणं भाग पडलं.

मंगळवारी आल्या. काळा कोट, काठाला सायकलचं वंगण.
मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा
तसं दोन बोटांत पुस्तक उचललं.
"घरी नेते. पुरावा हवा ना."
मी तारखेचा शिक्का मारला. चौदा दिवस.

फादर म्हणाले, प्रश्न गावाच्या नीतीचा आहे.
केहिल मास्तर म्हणाला, गावाच्या अकलेचा.
डेअरीच्या रांगेत दुधाचे कॅन खाली ठेवून
माणसं हमरीतुमरीवर आली,
न वाचलेली, दोन्हीकडून.

मला बोलायला तोंड नव्हतं.
मागच्या हिवाळ्यात एक जाडजूड पुस्तक
मी नकाशांच्या कपाटामागे सरकवलं होतं.
कुणी सांगितलं नव्हतं.
त्यातला माणूस मला आवडला नव्हता, एवढंच.
कुणी मागितलंच तर म्हणायचो, बाहेर गेलंय.

चौदा दिवस गेले. चौदा महिने.
अर्ज आला नाही, पुस्तकही नाही.
बंदी मात्र आली, दुसऱ्याच कुठल्या गावच्या अर्जावरून.
वहीत दंड साठत राहिला,
मी एकही चिठ्ठी धाडली नाही.
रविवारी चर्चच्या दारात, माझ्याकडे न बघता,
त्या हातमोजे चढवायच्या.
फार सावकाश.

मार्चमध्ये त्या गेल्या.
पुतणीने पुस्तक आणून दिलं, गोणपाटात गुंडाळून.
पिठाच्या पिंपात होतं, म्हणाली.
पीटच्या धुराचा वास. शिवणीत पीठ.
चोविसाव्या पानावर फुली. तिसाव्यावर दोन.
सत्तेचाळिसाव्यावर शिसं कागदाच्या आरपार.
मग विरळ.
एकशे बाराव्यावर, जिथे ती बाई
नवऱ्याच्या बुटांना पॉलिश करता करता
मध्येच थांबते आणि ब्रश खाली ठेवत नाही,
तिथे एक फुली, रबराने पुसलेली.

पुढे दोनशे पानं. एकही नाही.
पेन्सिल संपली असेल.

बंदी असलेलं पुस्तक परत घेता येत नाही.
मी शिक्का मारला: परत आलं.
मग नकाशांच्या कपाटाकडे गेलो.
जड आहे ते. एकट्याला हलत नाही.
सरकवताना कसं हललं होतं, कोण जाणे.

केहिलला हाक मारली.