रुवीतला शुक्रवार

चादर अंथरली की मस्कतचं ऊन
आधी पुस्तकांचे कणे वाचून काढतं, मग गिऱ्हाईक येतं.

समोर कुंजुमोनच्या टीव्हीला आवाज नाही.
निवेदिका ओठ हलवते, खाली अरबी पट्टी पळते;
सत्तावीस वर्षं झाली, मला त्यातले आकडेच कळतात.
तो म्हणतो, युद्ध. मी म्हणतो, क्रिकेट असेल.

मोबाइल दुरुस्तीवाला दुसऱ्याच्या फोनवर
अर्ध्या गाण्यापुरता स्पीकर तपासतो.
उरलेलं माझ्या डोक्यात, रात्रीपर्यंत.

खपतात ती लायसनच्या परीक्षेची पुस्तकं.

आज एकानं विचारलं, "मराठी हाय काय काही?"
होतं एक, कव्हर गेलेलं.
बाकीची दोनशे बैसा,
याचे पाच रियाल, म्हटलं.
"येडा झालास काय, चाचा!"
हसत गेला पुढे.
बरं झालं.