नाकाला काम

भुंकतो फार, म्हणून शेजारच्या एस्पेरांसबायने
नाव ठेवलं: शेर्मांव.
पाद्रीचं प्रवचन तरी अर्ध्या तासात संपतं,
ह्याचं आमेन काही येत नाही, म्हणायची.

कुडचड्यात, दुसऱ्या मजल्यावर,
तो दिवसभर सोफ्याचा काथ्या उपसायचा.
लादी खणायचा. लादी!
खड्डा पडायचा नाही
तरी पंजे चालूच,
खाली माती आहे हे त्याला कोणी सांगितल्यासारखे.
मी पेपर वाचत बसायचो,
आधी मेलेल्यांचे फोटो, मग राशिभविष्य.
एकवीस वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस.
खाण बंद झाली त्या दिवशीसुद्धा
शेवटच्या ट्रकची पावती फाडली होती मी,
कार्बन नीट लावून.

मडगावला जनावरांच्या दवाखान्यात
गांवसांची दर्शिता म्हणून मुलगी.
तिने त्याला पाहिलं. मग मला पाहिलं, जरा जास्त वेळ.
"आजारी नाही हो, रिकामा आहे.
वाटीत वाढू नका. हुडकायला लावा."
दोनशे रुपये घेतले.

पहिल्या दिवशी चिमूटभर सुकी सुंगटं
करवंटीत ठेवली, वर दुसरी करवंटी झाकली.
तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मग नाक खाली गेलं.

नाकाला आवाज असतो हे मला ठाऊक नव्हतं.
शिवणयंत्रासारखा: सरसर जातो, अडतो,
मागे येऊन टाका उसवतो,
पुन्हा.

आता पोदेराचा भोंपू वाजला की
दोन उंडे घेतो, एक माझा.
दुसऱ्याचे दहा तुकडे:
गुंडाळलेल्या चटईत, छत्रीत, चपलेच्या टाचेखाली,
एस्पेरांसबायच्या अबोलीच्या कुंडीमागे
(आधी विचारून, नंतर न विचारता).
गॅलरीत आंब्यांची जुनी पेटी आहे,
खाणीच्या वाटेवरची तांबडी माती भरलेली.
तिच्यात एक हाड पुरतो.
तिथे खड्डा पडतो.
घरभर तांबडे पंजे उमटतात,
मी लगेच पुसत नाही.

फिरायला नेताना पूर्वी ओढायचो.
आता तो स्टेशनाजवळच्या एका खांबापाशी
सात मिनिटं उभा राहतो. मोजलीत, सवय आहे.
खांबावर काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही,
पण पावती तपासणं चाललंय एवढं कळतं:
कोण आलेला, किती वाजता,
भरलेला की रिकामा.
लोक म्हणतात, चला हो भाऊ, वाट अडवलीत.
मी म्हणतो, थांबा, वजन चाललंय.

दुपारी तो झोपतो. झोपेत मिशा हलतात.
परवा भिंतीपलीकडून हाक आली,
"बरो आसा मरे तो?"
इतका वेळ शांतता
तिलाच सोसेना.

गुरुवारी दहा लपवले, दहा सापडले.
तरी थांबेना.
कपाटापाशी गेला, बसला,
दाराच्या फटीला नाक लावून.
इथे काही नाही रे, मी म्हटलं. मी ठेवलंच नाही.
तो हलला नाही.
दार उघडलं. खाकी शर्ट.
कंपनीचा, धुवायचा राहून गेलेला.
खिशात अर्धं बिस्कीट, पीठ झालेलं.

काट्याच्या खिडकीतून एका लंगड्या कुत्रीला
रोज अर्धं द्यायचो मी.
त्या दिवशी ती आली नव्हती,
की मीच लवकर निघालो,
आता आठवत नाही.

त्याने माझा तळहात चाटून साफ केला,
मग शर्टाच्या बाहीपाशी आला.
मनगटापासून वर, सावकाश,
शिवण अन् शिवण.
सात मिनिटं कधीच उलटून गेली.
मी शर्ट धरून उभा,
हाताला रग लागली तरी.