गळती

कसबे पादरा, पालिकेची सभा, मार्गशीर्ष वद्य पंचमी.
हजर सात. गैरहजर दोन: एकाच्या घरी लग्न,
दुसऱ्याचं कारण सगळ्यांना ठाऊक, म्हणून लिहिलं नाही.

पहिलं काम मोकाट गाढवांचं. कुंभारांना ताकीद.
दुसरं, तळ्याच्या पायरीवर धुणं:
मागच्या सभेत ठरलं तेच पुन्हा ठरलं.
तिसरा, रळियात सुईणीचा अर्ज.
वणकरवाड्याच्या वळणावर कंदील असावा,
पोरं बहुधा रात्रीच येतात, आणि तिथे खड्डा आहे.

छगनशेठ म्हणाले, खड्डा बुजवा, दिवा वाचेल.
वकीलसाहेब म्हणाले, खड्डा कुठल्या खात्यात?
वहिवाटदारांनी घड्याळ पाहिलं.
मी लिहिलं: विचार पुढील सभेत.
या शब्दांना बोरू आता आपणहून वळतो.

मग रॉकेलचा हिशेब. अडीच शेर कमी.
कासम बत्तीवाला दाराशी,
शिडी भिंतीला टेकवलेली,
हाताला वास, तोंडात शब्द नाही.
चार आणे दंडावर बहुमत जमत आलं होतं.

परवा रात्री भजनाहून येताना
त्या वळणावर मी एक चिमणी पाहिली,
खुंटीला तारेनं बांधलेली, बिननंबरी.
खड्ड्याचा काठ दिसेल एवढाच उजेड.

म्हटलं, साहेब, पिंप जुनं झालंय. गळतं.
पिंप मागच्या कोठीत होतं,
उठून पाहायला कुणी गेलं नाही,
जेवणाची वेळ झाली होती.
तूट गळतीमुळे. मंजूर.
ओळीवर वाळू टाकली, झटकली.

पुढच्या सभेत नवं पिंप मंजूर झालं,
साडेचार रुपयांचं, बडोद्याहून आणवलेलं.

तेही गळतं.