भाड्याचं जंगल

परभणीत जंगल नव्हतं.
स्टेशनमागं बाभळीचं एक वन होतं,
त्यात शेळ्या, पत्ते कुटणारी पोरं
आणि सकाळी टमरेल घेतलेली अर्धी वस्ती.
तिथं कुणी कुणावर कुऱ्हाड उचलली असती
तर नऊच्या आत साक्षीदार
कोपऱ्यावर चहा पीत बसले असते.

म्हणून मी कागदावर लावलं जंगल.
महिन्याला एक पुस्तक, शहाण्णव पानं,
लायब्ररीत एका रात्रीचं भाडं पन्नास पैसे.
सहलीला आलेली पाच पोरं, बंद पडलेली जीप,
पुलावरून पाणी, डाक बंगल्याचा मुका खानसामा.
विसाव्या पानावर पहिला जायचा,
चाळिसाव्यावर जोडी,
शेवटी एकटी पोरगी, विझत आलेला कंदील
आणि पूर्वेला थोडंसं उजाडलेलं.

हमीदुद्दीन खिळे जुळवायचा, उलटी अक्षरं सरळ वाचत,
आणि दर वेळी विचारायचा,
"औंदा कोण वाचणार, साहेब?"
त्याला ठाऊक असायचं. गिऱ्हाइकालाही.
तरी पुस्तकाचे कोपरे हळदीनं, तेलानं
पिवळे होऊन परत यायचे,
आणि मधलीच दोन-चार पानं,
जिथं कुऱ्हाड पडायची, ती फाडलेली.
मी म्हणायचो, भीतीचा धंदा आहे आपला, बरा चाललाय.

मग सेलूहून आंतर्देशीय आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं.

"तुमची पुस्तकं मी चुलीपुढं वाचते.
भ्या वाटत नाही. बरं वाटतं.
तुमच्या जंगलात तो येतो तेव्हा काटकी मोडते,
टिटवी ओरडते,
पोरीला पळायला निम्मं पान मिळतं.
आमच्याकडं नवी फरशी बसवलीय. गुळगुळीत.
काही म्हणता काही वाजत नाही.
मागच्या पुस्तकात तो ओल्या गवतातून आला, मुकाट.
तसं करू नका."
खाली, सौ. कावेरी उ.
पत्ता नव्हता.

त्या फाल्गुनात मी किनवटची एसटी धरली.
चाळीस पुस्तकांनंतर पहिल्यांदा जंगल पाहिलं.
सागाच्या बुंध्यांवर पांढऱ्या रंगात नंबर,
शाळेत हजेरीला उभे केल्यासारखे.
वनरक्षक जंगू कुमरे पुढं, मी मागं,
आणि पायाखाली ताटाएवढी वाळकी पानं
पापडाच्या गंजीवर चालावं तशी.
शेवटी मी विचारलंच,
इथं रात्री दबक्या पावलानं येता येईल का कुणाला?
तो थांबला. म्हणाला,
"वाघालाबी जमत नाही या दिवसांत.
तोबी गाडीवाटेच्या फुफाट्यातून चालतो."
आणि माणूस?
"मारायला?
त्यासाठी इतक्या लांब कशाला येईल?
घर नाही का त्याला?"
बिडी पेटवून तो हसला.
मी हसणार होतो.
काडी त्यानं चिमटीत विझवली, थुंकी लावून,
पुन्हा पेटीत ठेवली.
खाली टाकायची नसते म्हणे, पेट घेतं सगळं.

परतल्यावर लिहिलेल्या पुस्तकांत
पाऊस नाही, धुकं नाही, ओलं गवत नाही.
कायम फाल्गुन. कायम साग.
खुनी पान दहापासून चालतोय, चालतोय,
डाक बंगल्यापर्यंत पोचेस्तोवर
सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले असतात.
खप पडला. मालक म्हणाला, मजा गेली.
सेलूहून पुन्हा काही आलं नाही.
बऱ्याचदा वाटायचं, येईल.
बऱ्याचदा वाटायचं, न आलेलंच बरं, कुठं तरी गेली असेल ती.

हमीदुद्दीन एकदा चष्मा कपाळावर चढवून म्हणाला,
"इतना आवाज करून कोण येतं, साहेब?
बहिऱ्यालाबी कळंल की."
कळू दे, म्हटलं. तू जुळव.
खर्र, मी सांगितलं, आणि पुन्हा खर्र,
ओळभर.
त्यानं खण चाचपला.
र दोनच उरले होते.
शेजारच्या लग्नपत्रिकेतून त्यानं
'वर' सुटा केला आणि
त्याचा र काढून इकडं लावला.