चौथं पिंप

विडी घरकुलात दुपारी दोनला बोलावलं मला,
चव्वेचाळीस डिग्रीत, कावळेसुद्धा
टाकीच्या सावलीबरोबर सरकत बसतात तेव्हा.
फ्रीज बिघडला नव्हता. तेच नवल.
श्रीहरी गज्जमनं आइस्क्रीमवाल्याचा जुना डीप फ्रीजर
पाच हजारात उचललेला,
झाकणावर अजून अर्धी पुसलेली मँगो कँडी.

"मल्लूमामा, ह्यात चार बसवायचेत."
चार म्हणजे स्टीलची पिंपं, एकोणीस-एकोणीस लिटरची.
पुण्यात बिअरच्या कारखान्यात सहा वर्षं काढली,
कारखाना बुडाला तेव्हा थकलेल्या पगारापोटी
हीच मिळाली त्याला.
परवान्याचं मी विचारलं नाही.
मी फ्रीजवाला. थंडीपुरतं बोलतो.

टेप लावला. तळ सत्तर बाय चाळीस.
उजवीकडं कॉम्प्रेसरचा उंचवटा,
त्यावर गॅसचा सिलिंडर बसेल कसाबसा, पिंप नाही.
पिंपाची रुंदी तेवीस.
तेवीस त्रिक एकोणसत्तर.
एक सेंटिमीटर उरला, तो काय चाटायचाय?
"तीन," म्हटलं. "चौथं विसर."

पिंपांच्या माना वर, झाकण टेकेना.
हा म्हणतो, भिंतीला भोकं पाडून नळ काढू.
मी हात धरला त्याचा.
ह्या पत्र्याच्या आत, बाळा, नळी फिरते,
कुठून फिरते ते बनवणाऱ्यालाच ठाऊक.
एक ड्रिल चुकलं की फुस्स,
मग ठेव ह्यात लग्नाचे कपडे.

पोटमाळ्यावर त्याच्या बापाच्या मागाची लाकडं होती,
सागाची, तेलानं काळी पडलेली.
चार फळ्यांची चौकट केली, पेटी आणि झाकणाच्या मधे.
भोकं तिच्यातच, तीन.
रंधा मारताना लाकडाच्या पोटातून
खळीचा वास आला, इतक्या वर्षांनी.
श्रीहरी उगाच बाहेर जाऊन उभा राहिला.

नरसम्मा उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, बोटं चालू.
"आगु रा," म्हणाली. थांब रे.
"शाळेतल्या पोरांसारखी ओळीत काय उभी करतोस?
गोल वस्तू शेजारणीच्या खांद्याला नाही बसत.
दोघींच्या फटीत बसते."
उठली, गुडघ्यावर हात देऊन,
रिकामं पिंप एक मागच्या भिंतीला सारलं,
दुसरं पुढच्या, तिसरं परत मागं,
आणि चौथं
गेलं.

मी टेप पुन्हा लावला, जरा रागानंच.
साडेएकोणसत्तर.
चाळीस वर्षं, रोजच्या हजार विड्या,
पंचविसांचा एकेक कट्टा, मुठीत आवळून.
तिच्या अंगठ्याला होतं ते गणित
माझ्या टेपला नव्हतं.

मग गॅसला चार फाटे, थर्मोस्टॅट चारवर.
"दोन गव्हाच्या, एक काळी," श्रीहरी मोजत होता,
"आणि चौथ्यात..."
"पाणी," नरसम्मा म्हणाली.
"नळ येतो चार दिवसांनी. पाणी भर."
तो हसला. ती हसली नाही.
मी चौकटीला चौथं भोक पाडलं.

दुसऱ्या दिवशी पैसे घ्यायला गेलो.
बाकीची तीन अजून कोरडी,
वाहता होता तो एकच नळ.
मी घेत नाही, पण हे घेतलं, स्टीलच्या पेल्यात,
दातात कळ गेली इतकं गार,
थोडी पिंपाची चव, थोडी उजनीची.
तिनं दोन पेले प्यायले आणि पदरानं
नळाचं तोंड पुसलं, बाळाचं पुसावं तसं.

घरी येऊन बायकोला सांगितलं,
मोरीतल्या घागरी ओळीत लावू नको,
फटीत बसव, एक जास्त मावेल.
ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली,
"ओळीत कधी लावल्या मी?"