दार बंद

ऑफिसात माझ्याकडे अकरा हजार चारशे मीटर आहेत.
पवईच्या सातव्या मजल्यावरून मी हाक मारते,
ते पालघरहून, पेणहून, कुठल्या कुठल्या जिन्याखालून ओ देतात.
जो ओ देत नाही तो तांबडा होतो.
त्याला मी पुन्हा सुरू करते, नवं सॉफ्टवेअर पाजते,
तरी गप्प राहिला तर नौशादला पाठवते
स्क्रूड्रायव्हर घेऊन.
ह्याला मॅनेजमेंट म्हणतात. ह्याचा मला पगार मिळतो.

भांडुपला, टेंभीपाड्याच्या चढावर, बाबांच्या खोलीत
एकूण सहा वस्तू:
दोन दिवे, पंखा, गिझर, दाराचा सेन्सर,
आणि एक गोल डबी, जी बोललं की ऐकते.

महिनाभर ठरवतेय,
ह्या सहाजणांना कुठे नांदवायचं.
एक जागा गोड आहे. तिथे नुसतं शुभ रात्री म्हटलं
की सगळं आपोआप मावळतं.
हॉलला पडदे, भिंतींना रंग,
माळ्यावर काय चाललंय ते मात्र विचारायचं नाही.
दुसरी जागा म्हणजे हजेरीपट.
तिथे बाबांचा दिवा
क्रमांक अकरा हजार चारशे एक होईल,
आणि रात्री ते किती वेळा उठले
ह्याचा मला आलेख मिळेल.

मी फरक समजावला. बाबा शेंगा सोलत होते.
"म्हंजे एक आयकता, आनि एक बगता," ते म्हणाले.
"आनि येता कोण?"

बाबा बेस्टमध्ये मीटर वाचायचे, एकतीस वर्षं.
माझगाव, डोंगरी, चिराबाजार.
सायकली सरकवून, मांजरं हाकलून,
बॅटरीच्या उजेडात आकडे टिपायचे.
कुलूप दिसलं की वहीत लिहायचे: दार बंद.
म्हणजे बिघाड नव्हे.
म्हणजे माणसं गावाला गेलीयत, इस्पितळात,
कुणाच्या बाराव्याला.
म्हणजे पुन्हा जायचं.
माझ्या पडद्यावर हा शब्दच नाही.
तिथे ऑफलाइन आहे,
आणि शेवटचा संपर्क, त्याच्यापुढे मिनिटं.

डबीला मालवणी येत नाही.
"गो बाये, दिवो लाव."
क्षमा करा, मला समजलं नाही.
"दिवो गो, दिवो."
क्षमा करा.
तिसऱ्यांदा बाबाच तिला असांदे म्हणाले
आणि उठून बटण दाबलं.

मग मी हजेरीपट घेतला. पंधरा दिवसांची चाचणी, फुकट.

बुधवारी उशाशी फोन थरथरला:
तीन वाजून बावीस मिनिटं, सहाच्या सहा तांबडे.
बोट नौशादच्या नावावर गेलं. सवय.
मग चपला, मग रिक्षा,
कांजूरचा सिग्नल, रस्त्यावर कुत्रंही नसताना लाल,
आणि रिक्षावाला असा सज्जन की थांबला.
मला त्याच्या अंगावर ओरडायचं होतं.
मी मीटर बघत बसले.

दार उघडं. बाबा खुर्चीत, बॅटरी मांडीवर,
मेन स्विच खाली पाडलेला.
"एकवीस मिन्टा," घड्याळावर उजेड टाकून म्हणाले.
"आमच्या टायमाक आठवडो लागायचो."
बाजूला त्यांची जुनी वही.
त्यात आजची तारीख, पुढे माझं नाव,
माहेरचं,
आणि रकाना कोरा.

मी रागावले. खूप बोलले.
त्यांनी चहा टाकला, आलं जरा जास्तच.
स्विच वर केल्यावर राऊटरने वेळ घेतला,
मग एकेक हिरवा होत गेला,
गिझर सोडून.
गिझरचं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

चाचणी शुक्रवारी संपतेय.
कंपनीचा मेल आलाय, तिसरा:
आपला निर्णय झाला का?